परसातला ओला मसाला

मराठी घराच्या मागच्या दाराशी असलेल्या मोकळ्या जागेला देशावर परस आणि कोकणात परडे म्हणतात. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी पाटाने याच बाजूला सोडलेले असे. त्या ओलाव्यावर केळ, कर्दळ आणि अळू पोसत. थोड्या कोरड्या, उन्हाच्या कडेला कढीलिंब, मिरची, आले आणि कोथिंबिरीचा वाफा असे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागणाऱ्या गावांतही परस हिरवे राहिले, ते या सांडपाण्यामुळे आणि ते जपून वळवणाऱ्या बायकांमुळे.

घराला लागून मसाल्याची रोपे लावण्याची रीत फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात गृहिणीची कर्तव्ये सांगताना भाज्यांच्या वाफ्यांबरोबर ऊस, जिरे, मोहरी, अजमोदा आणि शोपा लावण्याचा उल्लेख येतो. धण्याचे ‘कुस्तुंबुरु’ हे नाव पाणिनीलाही ठाऊक होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या पदार्थांत मिरी, आले आणि हिंग आहे, मिरची नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली.

मिरचीने पुढे मिरीची जागा घेतली, यात परसाचा वाटा मोठा मानला पाहिजे. मिरीच्या वेलाला दमट हवा आणि आधाराचे झाड लागते. घाटावरच्या घराला मिरी विकतच घ्यावी लागे. मिरचीची चार रोपे मात्र कुठल्याही अंगणात महिनोन् महिने फळतात. हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि ओले खोबरे यांचे वाटण घरच्या घरी जमू लागले आणि रोजच्या जेवणाची चव त्यावर ठरली.

परसाचा मान सर्वांत स्पष्ट दिसतो तो ऋषिपंचमीला. भाद्रपद शुद्ध पंचमीच्या या व्रतात बैलाच्या कष्टाचे काही खायचे नसते. नांगरलेल्या शेतातले धान्य त्या दिवशी वर्ज्य. घाण्याचे तेलही बैलाच्याच श्रमाचे, म्हणून अनेक घरांत ऋषीच्या भाजीला फोडणी देत नाहीत. अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा असे हाताने लावलेले सगळे एकत्र शिजते. त्याला हिरवी मिरची, चिंचेचा कोळ आणि खोबरे एवढेच लागते. सुक्या मसाल्याशिवाय ही भाजी इतकी रुचकर होते, कारण तिच्यातला पाला नुकताच खुडलेला असतो. याच पावसाळी दिवसांत कोकण-गोव्यात हळदीच्या ताज्या पानांत पातोळे वाफवतात. वाळलेल्या पानाला तो वास येत नाही. तुळस मात्र दारोदारी असूनही रोजच्या स्वयंपाकात कधी शिरली नाही. ती नैवेद्यावर आणि काढ्यात राहिली. गवती चहाला स्वयंपाकघरात जागा मिळाली ती चहाचे व्यसन घरोघर पोचल्यावर, आल्याच्या जोडीने.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या आल्या, चाळी उभ्या राहिल्या आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या कुटुंबांचे परस सुटले. सवय सुटली नाही. भाजीवालीने कोथिंबीर, मिरच्या आणि कढीलिंबाची काडी भाजीवर फुकट घालण्याचा शहरी रिवाज त्याच गरजेतून रुजला असावा. पुढे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून घरच्या काडीकचऱ्याची माती करून थोड्या जागेत भाजी पिकवण्याचा प्रसार केला. आज मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवरील पिशव्यांत आणि कुंड्यांत जी झाडे लावली जातात, त्यांत कढीलिंब, मिरची, गवती चहा आणि ओव्याची पाने हीच परसातली जुनी मंडळी प्रामुख्याने आढळतात.