चित्र चांगले म्हणजे काय?

टीव्हीच्या दुकानात खोक्यांवरचे आकडे वाचताना ग्राहकाला पडणारा प्रश्न हाच या अभ्यासशाखेचा मूळ प्रश्न आहे: चित्र चांगले, हे ठरवायचे कशावरून? त्याच्या उत्तरासाठी प्रकाशाचे भौतिकशास्त्र, डोळ्याचे शरीरशास्त्र आणि प्रसारणाचे अर्थकारण एकाच टेबलाशी बसवावे लागते. गणिताची धास्ती बाळगणाऱ्या वाचकाचेही इथे स्वागत आहे. त्रैराशिक येत असले तरी पुरे.

हाय-डेफिनिशनचा पाया जपानमध्ये घातला गेला. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या प्रसारणसंस्थेने भविष्यातल्या टीव्हीचे संशोधन हाती घेतले, आणि त्यात प्रेक्षकाच्या डोळ्याचा अभ्यास केंद्रस्थानी ठेवला. पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावरून पाहायचे चित्र, हे गृहीत त्यातूनच रुजले. त्या अंतरावरून १०८० ओळींमधली एकेक ओळ डोळ्याशी अंशाच्या जेमतेम साठाव्या भागाचा कोन करते, आणि निकोप नजरेची सर्वसाधारण मर्यादाही तीच आहे.

हे ध्यानात आले की पहिला गैरसमज उकलतो. ४केच्या पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, हे खरेच. पण ५५ इंची पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर. त्यापासून तीन मीटरवर सोफा असेल, तर वाढीव बारकावा बहुतेकांच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाही. पिक्सेल मोजताना अंतर सोडून दिले, तर आकडा खरा राहतो आणि निष्कर्ष चुकतो.

दुसरा गैरसमज उगमाविषयीचा. जुन्या पाल पद्धतीच्या चित्रात दिसणाऱ्या ओळी ५७६. असे चॅनेल ४के संचावर लावले, तर मधले पिक्सेल संच अंदाजाने भरतो. कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील त्याला परत आणता येत नाही. दोन चॅनेले एचडी असली म्हणून सारखी दिसतील असेही नाही. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा वेगाने फिरला की एकावर गवत गवतच राहते आणि दुसऱ्यावर त्याचा हिरवा लगदा होतो. ओळी तितक्याच असतात. कमी पडतो तो दर सेकंदाला मिळणारा डेटा.

एचडीआरबाबतचा गोंधळ त्याहून गुंतागुंतीचा आहे. त्याचा संबंध पिक्सेलच्या संख्येशी नसून उजेड-अंधारातल्या पल्ल्याशी आहे. २०१६च्या बीटी.२१०० या आंतरराष्ट्रीय शिफारशीत १९२० × १०८०च्या चित्रालाही एचडीआरची मुभा आहे. उलट, खोक्यावर एचडीआर छापलेला स्वस्त संच तो संकेत स्वीकारतो, पण पडद्याची तेजस्विता तोकडी असल्याने लखलखाट दाखवू शकत नाही.

गतीचेही तसेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. मधल्या चौकटी स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करणारी सोय धावत्या खेळात उपयोगी पडते, पण चित्रपटाला मालिकेची कळा आणते. २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी ती बंद ठेवण्याचे जाहीर आवाहन केले होते. दुकानातल्या झगमगाटासाठी केलेले ‘व्हिव्हिड’ सेटिंग घरातल्या मंद उजेडात डोळ्यांवर येते, तेही याच जातीचे. महागड्या एचडीएमआय केबलने मात्र रंग खुलत नाहीत: डिजिटल संकेत नीट पोचला तर पोचला, नाहीतर चित्र तुटते.

केबलचा अपवाद सोडला, तर या साऱ्या समजुतींत एक साम्य दिसेल. त्या निखळ खोट्या नाहीत. प्रत्येकीत एक खरे विधान आहे, फक्त ते आपल्या अटीपासून सुटलेले आहे. पुढील प्रकरणांत प्रत्येक आकड्याला त्याची अट परत जोडली आहे. वाचकाने हवे तिथून वाचायला सुरुवात करावी. अंतर, उगम आणि संच हा क्रम तेवढा मोडू नये, कारण पहिल्या दोहोंत जे हरवले ते तिसऱ्याला विकत आणता येत नाही.