सर्व्हे नंबर आणि एकदाच लॉगिन

हा विकांत इंदापूर तालुक्यात मामाकडे गेला. बारामतीपर्यंत एसटी, पुढे मामाची मोटरसायकल. डोक्यात मात्र शुक्रवारचा घोळ.

घोळ असा. एका ठिकाणी आम्ही कर्मचाऱ्यांच्या लिखाणासाठी वर्डप्रेस बसवलं. प्रत्येकाला आणखी एक पासवर्ड नको, म्हणून लॉगिन तिथल्या एलडॅप डिरेक्टरीला जोडलं. शुक्रवारी एक सहकारी लग्नाच्या सुट्टीवरून परत आली. आडनाव बदललं होतं, त्याबरोबर ईमेलही. लॉगिन केलं तर पाटी कोरी! दोन वर्षांचे लेख जुन्या खात्यावर, आणि त्या खात्यात आता तिलाच शिरता येईना. चूक माझीच. माणूस ओळखायची खूण म्हणून मी ईमेल धरला होता.

मामाकडे ओसरीवर सातबारा पडला होता. सहज हातात घेतला आणि ट्यूब पेटली. पणजोबा, आजोबा, मामा.. तीन पिढ्यांत नावं बदलली, रान तेच. कागद रानाला ओळखतो तो नंबराने, मालकाच्या नावाने नाही.

आणि गंमत म्हणजे ही पद्धत जिथे पहिल्यांदा नीट बसली तो तालुका हाच, इंदापूर!

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी रयतवारी आणली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनी मोजल्या, खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला आणि १८३० मध्ये तो इंदापुरात लागू केला. कागदावर हिशोब फार शास्त्रशुद्ध होता. प्रत्यक्षात दर झेपेना, लोक रानं टाकून निघून गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट ही जोडी आली. त्यांनी जुनी मोजणी तपासून जमेल तेवढी ठेवली, मातीची प्रतवारी मात्र नव्याने केली आणि दर उतरवले. १८३६ मध्ये ते दर ३० वर्षांसाठी बांधून दिले. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात हीच पद्धत मुंबई इलाख्यासाठी लिहून काढली.

त्यातली कळीची गोष्ट अशी, की सारा बसला तो सर्व्हे नंबरावर. बांधाला दगड, गावाचा नकाशा, नोंदवहीत नंबर. माणूस तो नंबर धरू शकतो, सोडू शकतो. बाकीची सगळी दप्तरं त्या एका नंबराकडे बोट दाखवणार.

आता संगणकाकडे या. १९८८ मध्ये एक्स-५०० नावाचं डिरेक्टरीचं जागतिक प्रमाण आलं. चांगलं, पण अवजड. मिशिगन विद्यापीठात त्याला हलकं रूप दिलं गेलं, ते एलडॅप. १९९३ मध्ये त्याचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध झालं. त्याचं काम सोपं. तुम्ही नाव-पासवर्ड देता, वर्डप्रेस डिरेक्टरीत तुमची नोंद शोधतं, तोच पासवर्ड देऊन त्या नोंदीने आत जाता येतं का बघतं. जमलं तर तुम्ही खरे. पासवर्ड वर्डप्रेसकडे साठवायची गरजच नाही.

पण हे झालं 'सगळीकडे एकच पासवर्ड'. 'एकदाच लॉगिन' ही पुढची पायरी. एमआयटीच्या अथीना प्रकल्पातून आलेलं कर्बेरॉस एकदा ओळख पटवून तिकीट देतं, मग दारोदार पासवर्ड विचारला जात नाही. २००५ मध्ये लाइव्हजर्नलच्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ओपनआयडी काढलं, तेही एका ब्लॉगच्या ओळखीवर दुसरीकडे प्रतिक्रिया देता यावी म्हणून!

फायदा उघड आहे. माणूस नोकरी सोडून गेला की एका जागी नोंद बंद, सगळी दारं बंद. तोटाही तोच. डिरेक्टरी बसली की सगळेच बाहेर. मामाच्या भाषेत, "सातबाऱ्यावर नाव चुकलं की सोसायटीचं कर्ज पण अडतं आन् विमा पण."

म्हणून महसूलवाल्यांच्या दोन सवयी मला उचलण्याजोग्या वाटल्या. एक, फेरफार. नाव बदलताना आधी नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग नोंद प्रमाणित. दुसरी, एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला याचा तक्ता ठेवला. तो नसता तर निम्मा तालुका कोर्टात असता :)

रविवारी रात्री परत आल्यावर तेच केलं. डिरेक्टरीत प्रत्येक नोंदीला एक न बदलणारा क्रमांक असतो, एन्ट्री-यूयूआयडी. खाती त्याला बांधली. जुना ईमेल कुठल्या क्रमांकाचा, याचा तक्ता बनवला. ईमेल आणि आडनाव आता नुसत्या दाखवायच्या गोष्टी, बदला हव्या तेवढ्या वेळा.

सोमवारी तिचे सगळे लेख जागेवर होते, नव्या नावाने. तिने एका ओळीत विचारलं, "नाव मी बदललं, पण लिहिणारी मीच होते ना?"

उत्तर द्यायला मला १८३६ पर्यंत जावं लागलं. असो.