शुक्राचा अस्त, पारसिकचा डोंगर आणि कॅमेरा

लग्नाचे मुहूर्त बघताना ‘सध्या शुक्राचा अस्त आहे’ हे तुम्ही ऐकलंच असेल. हा अस्त म्हणजे रोजचं मावळणं नव्हे. ग्रह सूर्याच्या इतका जवळ येतो की संधिप्रकाशात दिसेनासा होतो.

किती जवळ? सूर्यसिद्धान्तात त्याचे आकडे आहेत, त्यांना कालांश म्हणतात. शुक्राचे 10, गुरूचे 11, शनीचे 15. एक कालांश म्हणजे 4 मिनिटं. सूर्यामागून शुक्र 40 मिनिटांच्या आत मावळत असेल, तर तो अस्तंगत. वक्री शुक्राला मात्र 8 कालांश पुरतात, कारण तेव्हा त्याचं बिंब मोठं असतं. (दुर्बीण यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही!)

महाराष्ट्रातली पंचांगं शतकानुशतकं नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वर (1520) चालली. हळूहळू गणित आणि आकाश यांत अंतर पडलं. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1860 मध्ये नव्या गणिताची कोष्टकं काढली. काही काळ ठाण्यात शिक्षक असलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात हा सगळा इतिहास मांडला. पंचांगांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. पण ग्रह दिसला की नाही, याची साक्ष शेवटी कुणाच्या तरी डोळ्यांचीच.

मग आता फोटोची साक्ष काढू या का? डोंबिवलीच्या गच्चीवरून हिवाळ्यात सूर्य पारसिक-मुंब्र्याच्या डोंगरांकडे मावळतो. नुसता 2 अंश उंच डोंगरही 40 पैकी निदान 8 मिनिटं खातो. उरलेली धूळ आणि धुरकं खातं. एक्स्पोजर वाढवलं तर शुक्राबरोबर आकाशही उजळतं, म्हणून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे बरेच फोटो घ्यावे लागतात. ते एकावर एक रचले की डोळ्यांना न दिसलेला ठिपकाही वर येतो. आता अस्त कुणाचा धरायचा, डोळ्यांचा की सेन्सरचा? कालांश डोळ्यांसाठी होते, त्यामुळे माझं मत डोळ्यांना.

21 डिसेंबर 2020 ची गुरू-शनी युती आठवते? सूर्यापासून सुमारे 30 अंशांवर होती, मोबाइलवरही सापडली. 1623 मध्येही ते दोघे असेच खेटून होते, पण सूर्यापासून जेमतेम 13 अंशांवर. शनीचे कालांश 15, म्हणजे ढोबळमानाने आपल्या नियमाप्रमाणे शनी अस्तंगत!

तुम्ही फोटो काढलात तर सोबत वेळ आणि ठिकाण लिहा, आणि समोरचा डोंगर किती अंश उंच आहे तेही.