परावटू : शेजाऱ्याच्या नावाने ओळखली गेलेली ग्रंथी

मंचरच्या बाजारपेठेत मुतखड्याला शब्द आहे, हाडे ठणकण्याला 'वात' हा शब्द आहे. पण ही दोन्ही दुखणी ज्या एका ग्रंथीच्या बिघाडातून उद्भवू शकतात, तिला बोलीत नाव नाही. ग्रंथांतले नाव 'परावटू', म्हणजे अवटूच्या शेजारची. भाषेच्या अध्यापकांना मौज वाटावी ती ही, की अमरकोशात 'अवटु' हे मानेच्या मागच्या बाजूचे नाव आहे; परिभाषाकारांनी ते गळ्यातील पुढच्या ग्रंथीला दिले. शेजाऱ्याचे नावही उसनेच!

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील भारतीय गेंडा १८४९ साली मेला. त्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी आढळली. माणसात ती स्वतंत्र ग्रंथी म्हणून इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये स्वीडनमध्ये वर्णिली. तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी बहुधा चार असतात आणि रक्तातील कॅल्शियम राखतात, हे पुढे कळले.

व्हिएन्नातील ट्रामच्या एका कंडक्टरची हाडे झिजत होती. ग्रंथी कमी पडते आहे, असे समजून फेलिक्स मांडल यांनी त्याच्या शरीरात दुसऱ्याची ग्रंथी बसवली. उपयोग झाला नाही. १९२५ मध्ये गळा उघडला, तेव्हा उलटेच दिसले : ग्रंथीचीच गाठ झाली होती. ती काढताच तो सुधारला. मात्र काही वर्षांनी दुखणे परतले. ती गाठ कर्करोगाची असावी, अशी शंका नंतरच्या अभ्यासकांनी घेतली आहे.

ही शंका आम्हाला महत्त्वाची वाटते. शरीरात पसरलेल्या परावटू-कर्करोगाचे वर्णन फ्रिट्झ द केर्व्हें यांनी १९०४ मध्येच केले होते. तरी निदान आजही अवघड आहे. ग्रंथी अतिरिक्त स्रवणाऱ्या रुग्णांत तो शंभरात एकाहूनही कमी जणांना होतो. केवळ पेशी पाहून निर्णय देता येत नाही. गाठ रक्तवाहिनीत वा शेजारच्या ऊतींत घुसली, किंवा दूर पसरली, हे दिसावे लागते. म्हणून हाताला लागणारी गळ्यातली गाठ आणि फार वाढलेले कॅल्शियम एकत्र दिसले, तर शल्यविशारदाने आधीच सावध व्हायचे असते : पहिल्याच शस्त्रक्रियेत गाठ न फोडता, भोवतालच्या भागासह काढावी लागते.

पसरलेला रोग बहुधा फुप्फुस, यकृत व हाडे गाठतो. तेथेही पेशी आपले मूळ काम सोडत नाहीत. अशा रुग्णाचा अंत अनेकदा गाठीच्या भाराने नव्हे, तर कॅल्शियमच्या अतिरेकाने होतो. फुप्फुसातील गाठी काढतात, त्या पुष्कळदा तेवढे कॅल्शियम खाली यावे म्हणून.