आणेवारीची कुळकथा

गावच्या पिकाचा अंदाज आण्यांत बांधण्याची पद्धत, म्हणजे आणेवारी, मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात रुजली. सोळा आणे म्हणजे पुरते पीक धरायचे, त्यातले हंगामात किती हाती लागले ते ठरवायचे आणि त्यावरून शेतसारा तहकूब करायचा की वसूल करायचा याचा निर्णय घ्यायचा, असा तिचा व्यवहार होता. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या दुष्काळ आयोगाने 1880 मध्ये अहवाल दिल्यानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता, म्हणजे मदतकार्याची नियमावली, तयार झाली. पीकपाण्याची खबर गावाने द्यायची आणि दुष्काळ सरकारने जाहीर करायचा, ही वाटणी तिने पक्की केली. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने या संहितेतील हक्क गावोगाव समजावून सांगितले, तेव्हा रयतेला सरकारचाच नियम सरकारपुढे ठेवता येऊ लागला.

या पद्धतीतला खरा पेच 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात उघड झाला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. शेतकरी पीक चार आण्यांच्या आत असल्याचे सांगत होते, सरकारी आकडा त्याच्या वर होता आणि पंचांकरवी निवाडा करण्याची मागणी सरकारने मानली नाही. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांचा सत्याग्रह साऱ्याइतकाच या आकड्यावरच्या मक्तेदारीविरुद्ध होता.

1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि काही शेतकरी शिवारात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, त्यातले पीक कापून, मळून, वजन करतात आणि ते प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहतात. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, तर जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, परीक्षा शुल्कमाफी अशा सवलतींची वाट मोकळी होते. गावाला या समितीत जागा मिळाली, ही मोठीच सुधारणा; तरी अंतिम आकडा जाहीर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि दुष्काळ जाहीर करण्याचा राज्य सरकारकडेच राहिला.

पुढे राज्येही दुष्काळ जाहीर करण्यास टाळाटाळ करतात, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 2016 च्या निकालानंतर केंद्राने नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता काढली. तिच्यात आधी पावसाची तूट पाहतात, मग पेरणी, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, जमिनीतील ओल आणि जलसाठे यांचे निर्देशांक तपासतात. शिवारातली पाहणी त्यानंतर, तीही निवडक दहा टक्के गावांत होते. मोजमापाला शिस्त आली, हे खरेच. मात्र जे गाव एके काळी निदान आण्यांवर भांडू शकत होते, त्याची पाळी आता सर्वांत शेवटी येते, आणि ते त्या दहा टक्क्यांत नसले तर येतच नाही. या संहितेनुसार महाराष्ट्राने 31 ऑक्टोबर 2018 रोजी 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. वगळलेल्या भागांतून ओरड झाल्यावर तालुक्याहून लहान असलेली महसूल मंडळे पुढे त्यात घ्यावी लागली.