चेहरा नसलेला नायक : गाथासप्तशती ते संगणकाचा पडदा

१/ निलंग्याचे नीलकंठेश्वर (जि. लातूर) आणि देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर (जि. नांदेड) ही मंदिरे सुरसुंदरींच्या शिल्पांसाठी प्रसिद्ध आहेत. आरशात पाहणारी, ओले केस पिळणारी, पायातील काटा काढणारी अशी सुरसुंदरीची रूपे त्या काळातील मंदिरांत ठायी ठायी भेटतात. हा शृंगार ज्याच्यासाठी चालला आहे, तो पुरुष मात्र शिल्पात बहुधा नसतो. त्याची जागा रिकामी आहे, आणि नेमक्या त्याच जागी पाहणारा उभा असतो.

२/ हीच युक्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये पुन्हा वापरली गेली. प्रौढांसाठीच्या चित्रकथात्मक संगणकीय खेळांत (उदा. १९९२ चा ‘दोक्यूसेई’) नायिकांची चित्रे बारकाईने रंगवलेली असतात. या प्रकारच्या अनेक खेळांत नायक मात्र चित्रात येतच नाही. आलाच तर कपाळावरच्या केसांनी त्याचे डोळे झाकलेले असतात. हेतू असा की, खेळणाऱ्याने स्वतःला तिथे कल्पावे.

३/ नायकाला चेहरा द्यावा की नाही, हा प्रश्न अर्थातच जपानचा नव्हे. महाराष्ट्राच्या भूमीत तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हाताळला गेला होता, आणि त्याचे उत्तर अधिक धीट होते.

४/ सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ हा माहाराष्ट्री प्राकृतातील मुक्तकांचा संग्रह. नाव सातशे गाथांचे. पण सर्व पाठपरंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३० च भरतात. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. तेथून नांदेडकडे वाहत जाणारी गोदावरी या गाथांत ‘गोला’ या नावाने येते. तिच्या काठची झाडी हे प्रेमिकांचे संकेतस्थळ.

५/ या गाथांतील पुरुष कोण? नांगर धरणारा हालिक, वाटसरू, गावच्या पाटलाचा मुलगा, कधी दीर. त्यांना नावे नाहीत, चेहरेही क्वचितच. येथवर तो संगणकीय खेळातल्या नायकासारखाच दिसतो. फरक यापुढे आहे. गाथेत बोलते ती बहुतेक वेळा स्त्री. ती मैत्रिणीपाशी, आत्याबाईपाशी किंवा थेट त्याच्याशी बोलते, आणि त्याचे वागणे मोजून दाखवते. कोण फसवतो, कोण परतायचे विसरतो, कोण घाबरट आहे, सारे तिच्या तोंडून कळते. खेळातला बिनचेहऱ्याचा नायक सर्वांना पाहतो आणि त्याला कोणी पाहत नाही. गाथेतल्या नायकाला ही सोय नाही.

६/ पुढच्या टीकाकारांनी प्रत्येक गाथेभोवती प्रसंगाची चौकट उभी केली : ही गाथा कोण म्हणते, कोणाला, आणि कोणाच्या कानावर पडावी म्हणून. गंगाधराची टीका वाचताना एखाद्या नाटकाच्या रंगसूचना वाचल्यासारखे वाटते. चौकट बदलली की त्याच दोन ओळींतला निरागस वाटसरू लबाड ठरतो.

७/ संस्कृत काव्यशास्त्राने यातूनच जणू नायकाचे साचे पाडले. अनुकूल म्हणजे एकीशीच निष्ठ. दक्षिण म्हणजे अनेकींशी सारख्याच सौजन्याने वागणारा. धृष्ट म्हणजे पकडला गेला तरी निर्लज्ज. शठ म्हणजे गोड बोलून गुपचूप फसवणारा. या वर्गवारीत रूप, उंची, पराक्रम यांचा संबंध नाही. स्त्रीशी तो कसा वागतो, एवढीच कसोटी. (धीरोदात्त, धीरललित ही नाट्यशास्त्राची वर्गवारी वेगळी.) आजच्या खेळांत नायक घडवताना आधी केसांचा रंग ठरतो!

८/ मैथिल पंडित भानुदत्ताची ‘रसमंजरी’ हे या विषयाचे पुढे फार गाजलेले पुस्तक. तिच्यात निजाम राजाचा उल्लेख आहे, आणि काही अभ्यासक तो अहमदनगरच्या निजामशाहीचा मानतात. ग्रंथाचा मोठा भाग नायिकांचा आहे. नायक थोडक्यात आटोपतो. तोही कोणी विशिष्ट पुरुष नाही, केवळ ‘नायक’.

९/ अडचण आली ती चित्रकारांपुढे. कवीला ‘नायक’ एवढे लिहून भागते. चित्रकाराला त्याचे वय, मिशी, पागोटे, अंगाचा रंग, सारे ठरवावे लागते. रसमंजरीची एक सचित्र प्रत १६५० मध्ये औरंगाबादेत तयार झाली, मेवाडच्या एका सरदारासाठी. एका पानावर एक प्रसंग, वर श्लोक, खाली चित्र. चित्रकथात्मक खेळाचा पडदाही असाच रचलेला असतो, फक्त मजकूर खाली असतो.

१०/ उत्तरेकडे, पहाडातील बसोहलीत, सुमारे १६६०–७० च्या चित्रमालिकेने एक मोठी सूट घेतली. मूळ ग्रंथातील सामान्य नायकाच्या जागी तिने निळ्या अंगाचा कृष्ण बसवला. कृष्ण म्हटले की शठपणाही लीला ठरतो, आणि नायिकेची तक्रार भक्तीत विरघळते.

११/ त्याच बसोहलीत, राजा किरपाल पाल याच्यासाठी, देवीदास या चित्रकाराने १६९४–९५ मध्ये रसमंजरी पुन्हा रंगवली. या मालिकेत कृष्ण नाही. नायक पुन्हा साधा माणूस झाला आहे, दरबारी वेशातला, आणि नायिका त्याला जाब विचारू शकते.