वाटाड्या, दलाल आणि परवाना

सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाची गाठ दोन माणसांशी पडते. एक, निघण्याआधी चार-सहा महिने आगाऊ रक्कम घेणारा यात्रा कंपनीवाला. दुसरा, लेण्याच्या पायथ्याशी भेटणारा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला गाइड. पहिल्याच्या हाती लाखा-दोन लाखांची रक्कम सहज जाते, दुसऱ्याला काही तासांचे मानधन मिळते. परवान्याची सक्ती मात्र दुसऱ्यावर आहे. पहिल्याला व्यवसायासाठी परवाना घ्यावाच लागेल, असा देशभर लागू होणारा सर्वसाधारण कायदा नाही. ही उलटी रचना कशी झाली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वतन आणि वही

आपल्या मुलुखात वाट दाखवणे हा आधी धंदा नव्हता, ते जातीने लादलेले काम होते. गावात आलेल्या सरकारी माणसाला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवणे हे महार वतनदाराच्या कर्तव्यांत मोडे. ओढ्याचा उतार कुठे आहे, कोणती खिंड पावसात बंद होते, ही माहिती त्याच्यापाशी असे. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि बलुते. हाक आली की रात्री-अपरात्री उठावे लागे. इंग्रजी अमलातही साहेबाच्या स्वारीपुढे तोच चालत राहिला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते अशाच वेठीतून सुटका व्हावी म्हणून.

तीर्थक्षेत्रात वाट दाखवणाऱ्याचे स्थान अगदी वेगळे होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील उपाध्ये यजमानाची उतरण्याची सोय करत, विधी करत आणि दर्शनही घडवत. आजच्या भाषेत टूर ऑपरेटर आणि गाइड एकाच घरात. त्यांचा परवाना म्हणजे त्यांची वही. यजमानाचे आडनाव आणि मूळ गाव विचारून ते नेमके पान काढत आणि त्यावर पणजोबांची सही निघाली की हक्क सिद्ध होई. यजमानाला एक हमीही मिळे. फसवणूक झाली, तर कोणत्या घराला जाब विचारायचा हे त्याला माहीत असे.

मुंबई बंदरातील दलाल

आगबोटी आणि आगगाड्या आल्या तेव्हा ही ओळखीची साखळी तुटली. त्याचा सर्वांत कठोर अनुभव हजच्या यात्रेकरूंना आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून आणि त्यापलीकडूनही हजारो लोक हजसाठी मुंबईत उतरत. शहर परके, भाषा परकी, आगबोट कधी सुटणार याचा पत्ता नाही. या अडचणीवर दलालांचा धंदा उभा राहिला. तिकिटावर कमिशन, मुक्कामावर कमिशन, सामानावर कमिशन. बोट लांबली की गाठीचे पैसे मुंबईतच संपत. जे जात, त्यांतले कित्येक परतीच्या भाड्याअभावी जेद्दाला अडकून पडत.

सरकारने दोन उपाय केले. पहिला, १८८६ साली थॉमस कुक आणि कंपनीला हजचे अधिकृत एजंट नेमले. १८४१ साली लेस्टरहून लाफबरोपर्यंत आगगाडीची सहल काढून ज्यांनी या धंद्याचा पाया घातला, त्यांचीच ही कंपनी, आणि मुंबईत तिचे कार्यालय १८८१ पासून होते. आतल्या रेल्वे स्टेशनापासून जेद्दापर्यंत एकच तिकीट आणि भाडे आधीच जाहीर, अशी ती योजना होती. पण जुने दलाल आणि बोटींचे मालक बाजारातून हटले नाहीत, कंपनीचा हिशेब तोट्यात राहिला आणि १८९० च्या दशकात हा करार संपला.

दुसरा उपाय १८८७ चा. मुंबई सरकारने यात्रेकरूंच्या संरक्षणासाठी कायदा करून हजच्या दलालांना परवान्याच्या कक्षेत आणले. बंगालनेही १८९६ साली तसाच कायदा केला. प्रवाशाकडून आगाऊ पैसे घेणाऱ्यालाच आधी बांधून घेतले पाहिजे, हे मुंबईला तेव्हा उमगले होते. या कायद्यामागे रोगराईची आणि राजकारणाची भीतीही होती, निव्वळ कणव नव्हती. तरी परवान्याची जागा सरकारने अचूक ओळखली होती.

१९५९ चे नियम

स्वतंत्र भारतात परवाना आला तो वेगळ्या दाराने. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ साली झाला आणि त्याखालील नियम १९५९ साली आले. संरक्षित स्मारकात काय करू नये, याची त्यात यादी आहे. वास्तूला इजा करू नये, बंदूक झाडू नये, नेमलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करू नये. त्याच यादीत, पुरातत्त्व खात्याच्या परवान्याशिवाय माल विकू नये आणि मोबदला घेऊन कोणाला स्मारक दाखवू नये, असे कलम आहे. म्हणजे गाइड कायद्यात आला तो फेरीवाल्याच्या शेजारी. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदाही १९५९ मध्येच अमलात आला. जन्माने वाट दाखवण्याची सक्ती संपली, त्याच वर्षी परवान्याविना वाट दाखवण्यावर बंदी आली.

पुढे पर्यटन खात्याने प्रशिक्षण, परीक्षा आणि ओळखपत्राची व्यवस्था उभी केली. प्रादेशिक, राज्य आणि स्थानिक असे गाइडांचे स्तर झाले. मात्र ही तपासणी मुख्यतः व्यक्तीची असते. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या मद्रास फौजेतील अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपले नाव कोरून ठेवले आहे. तेच काम आज कोणी केले तर तो गुन्हा ठरेल. गाइड ते नाव दाखवतात आणि वाघाच्या शिकारीची गोष्ट रंगवतात. गोष्टीत किती इतिहास आणि किती तिखटमीठ, हे विचारायला तिथे कोणी नसते. मानधनापेक्षा दुकानाच्या कमिशनवर भिस्त ठेवायची वेळ आली की लेणे लवकर आटोपते आणि शोरूममध्ये तास जातो. ते दुकान बहुधा टूर कंपनीने आधीच ठरवलेले असते.

मान्यता ऐच्छिक

टूर ऑपरेटरसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता आहे, पण ती ऐच्छिक. हवी तर घ्या. कोरोनाच्या काळात, जून २०२१ मध्ये, केंद्राने पर्यटन व्यावसायिकांसाठी हमीची कर्जयोजना जाहीर केली. तेव्हाचे आकडे बोलके आहेत. मंत्रालयाची मान्यता असलेले प्रादेशिक गाइड सुमारे १०,७०० आणि मान्यताप्राप्त पर्यटन व्यवसाय सगळ्या देशात मिळून जवळपास एक हजार. आपल्याकडे एकेका शहरात यात्रा कंपन्यांच्या किती पाट्या दिसतात, हे वाचकांनी आठवून पाहावे. गोव्यासारख्या काही राज्यांत नोंदणीचे कायदे आहेत. गोव्याचा १९८२ चा आहे. हजच्या खासगी संयोजकांना आजही सरकारी नोंदणी लागते, म्हणजे १८८७ चा धागा तेवढ्या एका ठिकाणी शिल्लक आहे. एरवी दुकानाची नोंदणी आणि जीएसटी क्रमांक घेतला की पाटी लावता येते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून सरकार याच कंपन्यांमार्फत प्रवाशाकडून कर गोळा करते. कर वसूल करण्याइतका त्यांच्यावर विश्वास आहे, पण प्रवाशाच्या ठेवीची हमी त्यांच्याकडून मागितलेली नाही.

ब्रिटनमध्ये चित्र नेमके उलटे आहे. तिथे गाइड होण्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही. निळ्या बिल्ल्याचे गाइड परीक्षा देऊन नावलौकिक मिळवतात, इतकेच. पण विमानप्रवासासह सहली विकणाऱ्या कंपनीला परवाना आणि आर्थिक हमी लागते. ऑगस्ट १९७४ मध्ये कोर्ट लाइन ही मोठी कंपनी बुडाली, हजारो लोक परदेशात अडकले आणि पुढच्याच वर्षी संसदेने प्रवाशांसाठी राखीव निधीचा कायदा केला.

आपल्याकडे कंपनी बंद पडली की हाती उरतो ग्राहक आयोग. तो न्याय देतो, पण नंतर, आणि कार्यालयाला कुलूप लागलेले असेल तर निकालाचा कागद बजावायचा कोणावर? निवृत्तीनंतरची पहिली चारधाम, मुलीच्या पैशांनी ठरलेली युरोपची सहल, अशी ही रक्कम असते. गाइडाचा परवाना काढून टाका, असे कोणी म्हणणार नाही. लेण्यांना राखण हवीच. पण जो आगाऊ पैसे घेतो त्याच्याकडून ठेव, नोंदणी आणि हमी घेणे हे परदेशातून आणायचे नवल नाही. हजच्या दलालांसाठी का होईना, मुंबई सरकारने ती दिशा १८८७ साली धरली होती. ती सर्व प्रवाशांसाठी पुढे न्यायची राहून गेली आहे.